ऑस्करसोबत कोणता मासा ठेवायचा? मोठ्या टाकीतली जोडी जुळवताना बहुतेक जण इथेच चुकतात

शनिवारी संध्याकाळी हौसेने टाकी भरली जाते. तळाशी रंगीत खडे, मागे निळा पडदा, आत दहा निऑन टेट्रा, दोन एंजल आणि "दादा, हा पण न्या, एकदम हुशार मासा आहे, माणूस ओळखतो" असं म्हणत दुकानदाराने पिशवीत घातलेली ऑस्करची दोन पिल्लं. काळ्या अंगावर नारिंगी नक्षी आणि लांबी जेमतेम दोन इंच.

पहिले तीन आठवडे सगळं गुण्यागोविंदाने चालतं. मग टेट्रा मोजताना एक कमी भरतो. घरचे म्हणतात, लपला असेल कुठेतरी. पुढच्या आठवड्यात आणखी दोन कमी. दोन महिन्यांनी टेट्रा संपतात. चौथ्या महिन्यात एंजलचे लांब पर कुरतडलेले दिसतात. आणि वर्षभराने टाकीत फूटभर लांबीचा एकच ऑस्कर उरतो, ज्याला धड वळताही येत नाही.

मग सगळे म्हणतात, ऑस्कर खुनशी निघाला.

खरं तर ऑस्करने तेच केलं जे तो अ‍ॅमेझॉनच्या पाण्यात रोज करतो. चूक झाली ती त्याचे सोबती निवडताना. ते सगळे दुकानातला आकार आणि रंग बघून निवडले गेले होते, आणि दुकानातला आकार हा माशांच्या दुनियेतला सगळ्यात मोठा चकवा आहे.

म्हणूनच दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या सिक्लिड माशांची टाकी करायची असेल, तर कोण कोणासोबत राहू शकतो, कोण नाही आणि का, हे समजून घेऊ.

सिक्लिड म्हणजे नेमके कोण?

सिक्लिड हे माशांचं एक प्रचंड मोठं कुळ आहे. आजवर त्यातल्या १,७०० पेक्षा जास्त प्रजातींची नोंद झाली आहे. आफ्रिका, मध्य आणि दक्षिण अमेरिका ही त्यांची मुख्य घरं. आपल्या बाजारात मिळणारा तिलापिया हाही याच कुळातला.

या कुळाची दोन वैशिष्ट्यं टाकीवाल्यांनी लक्षात ठेवायला हवीत.

पहिलं म्हणजे त्यांच्या घशात जबड्यांचा दुसरा संच असतो. तोंडातल्या जबड्याने भक्ष्य पकडायचं आणि घशातल्या जबड्याने ते चिरडायचं. त्यामुळे एकदा मासा तोंडात गेला की विषय संपला.

दुसरं म्हणजे हे मासे अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतात. बरेच मासे अंडी घालून निघून जातात. सिक्लिडची जोडी मात्र जागा निवडते, ती साफ करते आणि तिच्या आसपास फिरकणाऱ्या प्रत्येकाला हाकलून लावते. नदीत हाकललेला मासा दूर निघून जातो. टाकीत त्याला जायला जागाच नसते. टाकीतली बहुतेक मारामारी इथून सुरू होते.

दक्षिण अमेरिकेतल्या सिक्लिडांमध्ये आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणारा मासा म्हणजे ऑस्कर. १८३१ मध्ये लुई अगासी या शास्त्रज्ञाने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्यांना तो चक्क समुद्रातला मासा वाटला होता. प्रत्यक्षात तो अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या संथ पाण्यात राहतो आणि तिथे लोक तो आवडीने खातातही. शेपटीजवळ डोळ्यासारखा जो गोल ठिपका दिसतो, त्यामुळे शेपटीचे लचके तोडणारे पिरान्हा फसत असावेत असं मानलं जातं.

म्हणजे जो मासा पिरान्हाच्या शेजारात वाढला, त्याच्या टाकीत आपण निऑन टेट्रा सोडतो.

"टाकीएवढाच मासा वाढतो" हे खरं आहे का?

हे वाक्य जवळपास प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. ते अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच जास्त घातक आहे.

छोट्या टाकीत माशाची वाढ खुंटते, हे बरोबर. पण ती खुंटते कारण त्याच्याच विष्ठेने पाणी सतत खराब असतं आणि पोहायला जागा नसते. असा मासा "लहान" राहत नाही, तो आजारी राहतो. जो ऑस्कर नीट सांभाळल्यास दहा-बारा वर्षं जगतो, तो अशा टाकीत दोन-तीन वर्षांत जातो.

त्यामुळे दुकानात उभं असताना डोळ्यासमोर पूर्ण वाढलेला मासा आणायचा. काही नेहमीच्या माशांचा टाकीतला पूर्ण आकार साधारण असा असतो.

• ऑस्कर : १२ ते १४ इंच. पहिल्या वर्षातच तो १० इंचांच्या आसपास जातो.
• ग्रीन टेरर : नर ८ ते १० इंच, मादी थोडी लहान.
• सेव्हरम : ७ ते ८ इंच.
• जिओफॅगस : प्रजातीनुसार ६ ते १० इंच.
• एंजल : अंगाने ६ इंच, उंची मात्र पर धरून त्याहून जास्त.
• सिल्व्हर डॉलर : ५ ते ६ इंच, ताटलीसारखा गोल.
• मोठा सकर, म्हणजे काच चाटणारा प्लेको : १५ इंचांच्याही पुढे.

दुकानात हे सगळे दीड ते तीन इंचांचे असतात आणि एकाच टाकीत गुण्यागोविंदाने फिरत असतात. कारण ते सगळे अजून बाळं आहेत.

आधी टाकी, मग मासे

बरेच जण मासे आधी घेतात आणि टाकी नंतर "मोठी करू" म्हणतात. ती मोठी टाकी सहसा येत नाही. म्हणून गणित उलटं करायचं.

एक घनफूट पाणी म्हणजे साधारण २८ लिटर. त्या हिशोबाने ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच टाकीत काठोकाठ साधारण ४५० लिटर पाणी मावतं. ६ × २ × २ फुटांच्या टाकीत ६८० लिटर.

मोठ्या सिक्लिडसाठी उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं असतं, कारण भांडण जमिनीच्या तुकड्यावरून होतं. रुंदीही महत्त्वाची. १४ इंचांच्या माशाला दीड फूट, म्हणजे १८ इंच रुंदीच्या टाकीत कसंबसं वळता येतं. २ फूट रुंदी असेल तर तो आरामात फिरतो.

एका ऑस्करसाठी ४ × २ फूट तळ ही समजूतदार सुरुवात आहे. दोन ऑस्कर आणि त्यांच्यासोबत इतर मासे हवे असतील तर ६ फुटी टाकीच हवी.

पण मोठी टाकी म्हणजे मोठं वजन. ६ फुटी टाकीत नुसतं पाणी ६८० किलो, वर काच, वाळू, दगड आणि स्टँड. आपल्याकडे घरातल्या खोल्यांची जमीन प्रति चौरस मीटर साधारण २०० किलो वापराचा भार गृहीत धरून बांधली जाते. या टाकीचा भार तिच्या तळाखाली प्रति चौरस मीटर ६०० किलोच्या वर जातो. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण बाकीची खोली मोकळी असते. पण टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवावी. जुनी इमारत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलेलं बरं.

जुळवायच्या चार गोष्टी : तोंड, जागा, जेवण, पाणी

लग्न जमवताना जसे गुण जुळवतात, तसे इथेही जुळवावे लागतात. ३६ ची गरज नाही, चार पुरतात.

१. तोंड. ज्या माशाच्या तोंडात दुसरा मासा मावतो, तो त्याला कधी ना कधी खाणारच. मोठा मासा लहान माशाला खातो ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. ऑस्करचं तोंड मोठं असतं आणि ते पुढे ताणलं जातं. म्हणून त्याचा सोबती पूर्ण वाढल्यावर निदान त्याच्या अर्ध्या लांबीचा आणि अंगाने उंच, ताटलीसारखा असावा. बारीक, लांबट मासा चार इंचांचा असला तरी तो सहज गिळला जातो.

२. जागा. टाकीचे ढोबळ तीन मजले समजा. तळ, मधला भाग आणि वरचा भाग. सगळे मासे एकाच मजल्यावर राहणारे घेतले की भांडणं ठरलेली. वेगवेगळ्या मजल्यांवरचे घेतले तर तेवढ्याच टाकीत शांतता राहते. दिसायला सारखे मासे एकमेकांना जास्त मारतात हेही लक्षात ठेवा. सारखा आकार आणि सारखा रंग म्हणजे सिक्लिडच्या दृष्टीने थेट स्पर्धक.

३. जेवण. एक मासा झडप घालून खाणारा आणि दुसरा हळूहळू टिपणारा असेल, तर दुसरा मारामारी न होताही उपाशी मरतो. ऑस्करसोबत डिस्कस ठेवला की नेमकं हेच होतं.

४. पाणी. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातलं बरंचसं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी आहे. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका या तलावांचं पाणी त्याउलट जड आणि अल्कधर्मी. म्हणून "दोन्ही सिक्लिडच आहेत ना" म्हणून पिवळे-निळे आफ्रिकन सिक्लिड ऑस्करसोबत टाकू नयेत. त्यांचं पाणी वेगळं, आहार वेगळा आणि भांडणाची तऱ्हाही वेगळी.

आपल्याकडच्या पाण्याचं काय? दुकानातले ऑस्कर आणि सेव्हरम बहुतेक करून फार्मवर वाढवलेले असतात. चेन्नईजवळचं कोलात्तूर हे तर शोभिवंत माशांचं मोठं केंद्रच आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या पाण्यात वाढल्यामुळे हे मासे ६.५ ते ७.८ पीएचचं पाणी चालवून घेतात. बोअरचं फार जड पाणी मात्र टाळावं. तापमान २४ ते २८ अंश असलं की बहुतेकांचं भागतं. डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात, हे त्याला वेगळं ठेवण्याचं आणखी एक कारण.

मग कोण कोणासोबत?

ऑस्कर अंगाने मोठा असला तरी स्वभावाने तो सतत भांडणारा नाही. त्याच्या तोंडात न मावणाऱ्या, शांत आणि धिप्पाड माशांसोबत तो राहतो. दोन ऑस्कर एकत्र चालतात, पण तीन ठेवले की दोघांची जोडी जमते आणि तिसऱ्याचे हाल होतात. नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, त्यामुळे दुकानात कोणी "ही जोडी आहे" असं छातीठोक सांगितलं तर पैसे देण्याआधी थोडं थांबा.

सेव्हरम हा या कुळातला सज्जन गृहस्थ. उंच, चपटा, शांत आणि बराचसा शाकाहारी. उकडलेला वाटाणा, पालक तो मिटक्या मारत खातो. मोठ्या टाकीत ऑस्करसोबतही तो राहतो, फक्त सोडताना दोघं साधारण सारख्या आकाराचे हवेत.

जिओफॅगस या नावाचा अर्थच माती खाणारा. हा मासा तळाची वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाणं चाळून घेतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सोडून देतो. त्याला पाच-सहाच्या गटात ठेवायचं आणि तळाशी बारीक, गुळगुळीत वाळू द्यायची. टोकदार रंगीत खड्यांवर तो ठेवणं म्हणजे सुगरणीला चूल न देण्यासारखं. ब्राझीलमधल्या टापाजोस नदीच्या नावाने ओळखला जाणारा रेड हेड टापाजोस हा यातला आटोपशीर आकाराचा आणि देखणा मासा.

ग्रीन टेरर नावाला जागतो. तो अँडीज पर्वताच्या पश्चिमेकडचा, इक्वेडोर आणि पेरूमधला. हिरवट निळी झाक आणि परांना नारिंगी किनार असा तो अतिशय सुंदर दिसतो, पण वयात आला की टाकी आपल्या नावावर करतो. सेव्हरमसारख्या शांत माशासोबत तो शक्यतो नको. ठेवायचाच तर ६ फुटी टाकीत एकच, आणि सोबतीला त्याच्याएवढे किंवा मोठे मासे.

एंजल आणि डिस्कस हेही दक्षिण अमेरिकेतलेच सिक्लिड, पण त्यांची टाकी वेगळी. लांब, नाजूक पर आणि संथ चाल ही ऑस्करच्या टाकीत शिक्षाच ठरते.

आता सिक्लिड नसलेले सोबती. इथे सगळ्यात उपयोगी मासा म्हणजे सिल्व्हर डॉलर. सहा-आठ जणांचा थवा मधल्या आणि वरच्या भागात फिरत राहतो. त्यांचा एक छुपा फायदाही आहे. समोर मोकळे फिरणारे मासे दिसले की लाजरे सिक्लिड "आसपास धोका नाही" असं समजून बाहेर येतात. शिवाय सिल्व्हर डॉलर उंच आणि चपळ असल्याने सहसा कुणाच्या तोंडी लागत नाहीत. मात्र ते झाडपाला फस्त करतात, त्यामुळे टाकीतल्या हिरव्या झाडांची आशा सोडायची. तशीही ऑस्कर ती उपटून टाकतोच.

तळाशी एखादा सकर चालतो. फक्त तो "टाकी साफ ठेवतो" या भ्रमात राहू नका. तो शेवाळ खातो, पण घाणही तेवढीच करतो आणि फूटभराच्या पुढे वाढतो. शांत माशांच्या टाकीत पाच-सहा इंचांवर थांबणारा ब्रिसलनोज हा शहाणपणाचा पर्याय.

दुकानात छान दिसणारे, पण घरी न आणायचे मासे

"रेड बेली पिरान्हा" म्हणून विकलं जाणारं पिल्लू बऱ्याचदा पाकू निघतं. आपण त्याला ओळखतो, फक्त वेगळ्या नावाने. मासळी बाजारात मिळणारा रूपचंद तो हाच. दोन फुटांच्याही पुढे वाढणारा.

दुकानात "शार्क" म्हणून मिळणारा चंदेरी-काळा चुळबुळ्या मासा आग्नेय आशियातला पंगासियस आहे. बासा म्हणून जो फिले मिळतो तो बहुतेक वेळा याचाच. तो चार फुटांपर्यंत वाढू शकतो. दोघंही घराच्या टाकीसाठी नाहीत.

रेड टेल कॅटफिश बोटाएवढा असताना इतका गोंडस दिसतो की हात आवरत नाही. पण अ‍ॅमेझॉनमधला हा मासा तीन-चार फुटांचा होतो आणि टाकीतलं जे तोंडात मावेल ते सगळं खातो. सिल्व्हर अरोवाना तीन फुटांपर्यंत जातो आणि वरून उडी मारण्यात पटाईत असतो.

फ्लॉवरहॉर्न घरात भरभराट आणतो म्हणून तो आणायची पद्धत आपल्याकडेही पसरली आहे. हा निसर्गातला मासा नाही. १९९० च्या दशकात मलेशियात, मुख्यतः मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांचा संकर करून तो तयार झाला. आरशातल्या स्वतःच्या प्रतिमेवरही तो धावून जातो. त्याला स्वतंत्र टाकीच द्यावी. जॅग्वार आणि जॅक डेम्पसी हे सिक्लिडही मध्य अमेरिकेतले. डेम्पसीला तर त्याच्या स्वभावावरून एका अमेरिकन मुष्टियोद्ध्याचं नाव मिळालंय, यातच सगळं आलं.

जमणाऱ्या तीन टाक्या

पहिली, शांत टाकी, ४ × २ × २ फूट. पाच रेड हेड टापाजोस, एक सेव्हरम आणि एक-दोन ब्रिसलनोज. तळाशी वाळू, एका बाजूला लाकडाचे ओंडके. सिक्लिड पहिल्यांदाच पाळणाऱ्यांसाठी ही सगळ्यात सोपी.

दुसरी, एकट्या ऑस्करची टाकी, ४ × २ × २ फूट. एक ऑस्कर, फार तर सोबत एक मोठा सेव्हरम. टाकी रिकामी वाटेल, पण मासा माणसाळेल. ऑस्कर खाणं देणाऱ्याला ओळखतो, काचेजवळ येतो, जागा बदललेला दगड परत सरकवतो. त्याच्या या गमतीजमती गर्दीत दिसत नाहीत.

तिसरी, मोठी टाकी, ६ × २ × २ फूट. दोन ऑस्कर, सहा सिल्व्हर डॉलर, एक सेव्हरम आणि एक सकर. यापुढे एकही नाही. ही टाकी भरली, असं समजायचं.

आधी कोण, नंतर कोण?

तेच मासे, पण सोडण्याचा क्रम चुकला तरी भांडण होतं. नियम साधा आहे. सगळ्यात शांत मासा आधी, सगळ्यात दांडगा शेवटी. म्हणजे आधी सिल्व्हर डॉलर, मग जिओफॅगस किंवा सेव्हरम आणि शेवटी ऑस्कर. आधी आलेल्या दांडग्याला सगळी टाकी आपलीच वाटते.

जुन्या टाकीत नवा मासा आणायचा असेल तर आधी दगड-लाकडांची जागा बदला. सीमा पुसल्या गेल्या की जुन्यानव्यांना सारखीच सुरुवात मिळते. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून निरोगी असल्याची खात्री करून मगच सोडा.

एखादा मासा सतत कोपऱ्यात, फिल्टरच्या मागे किंवा पाण्याच्या अगदी वरच्या थरात दिसत असेल, रंग फिका आणि पर फाटलेले असतील, तर "होईल सवय" म्हणून थांबू नका. त्याला त्याच दिवशी वेगळं करा. टाकीत हरलेल्या माशाला पळायला जागा नसते, त्यामुळे हे भांडण बऱ्याचदा एकाच्या मरणानेच थांबतं.

जोडी जुळली, पण पाणी बिघडलं तर?

मोठे मासे भरपूर खातात आणि तेवढीच घाण करतात. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो, जो माशांसाठी विष आहे. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून शनिवारी टाकी आणि शनिवारीच मासे हा बेतच चुकीचा. साचलेलं नायट्रेट कमी करायला दर आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदलावं. पालिकेच्या नळाला क्लोरीन असतं, ते घालवणारं औषध टाकल्याशिवाय पाणी टाकीत ओतू नये.

अस्वच्छ पाणी आणि निकृष्ट आहार यामुळे ऑस्करच्या डोक्यावर खड्डे पडण्याचा आजार बळावतो. त्यावर औषधापेक्षा पाणी आणि जेवण सुधारणं जास्त उपयोगी.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. ऑस्करला जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याचे व्हिडिओ भरपूर चालतात. पण गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं द्रव्य असतं, जे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार नष्ट करतं. शिवाय अशा माशांतून आजार येतात ते वेगळेच. चांगल्या गोळ्या, अधूनमधून कोळंबी आणि भाजी एवढं ऑस्करला पुरतं.

आणि वीज गेली तर? गर्दीच्या टाकीत काही तासांत ऑक्सिजन कमी पडू लागतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या आणि वीज नसताना खाणं देऊ नका.

नाहीच जमलं तर तलावात सोडायचा का?

टाकीतला मासा मोठा झाला, भांडू लागला, की अनेकांना वाटतं, जवळच्या तलावात किंवा नदीत सोडू. जीव वाचेल, पुण्यही लागेल. चुकलेल्या निवडीची किंमत इथे टाकीबाहेर जाते.

पनामा कालव्याचा भाग असलेल्या गातुन तलावात काय झालं ते बघा. दक्षिण अमेरिकेतला पीकॉक बास, म्हणजे ऑस्करचाच एक मोठा भाऊबंद, एका तळ्यात आणला गेला होता. तिथून तो निसटला आणि १९६७ च्या सुमारास गातुन तलावात पोहोचला. काही वर्षांत तो जिथे पसरला तिथले स्थानिक छोटे मासे जवळपास नाहीसे झाले. झारेट आणि पेन या संशोधकांनी १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे मांडलं. त्याचा परिणाम मासे खाणाऱ्या पक्ष्यांवरही झाला. डासांच्या अळ्या खाणारे मासे घटल्याने डास वाढण्याची भीतीही त्यांनी व्यक्त केली होती.

पनामा लांब वाटत असेल तर उजनीकडे बघा. टाक्यांमध्ये काच चाटणारा तोच दक्षिण अमेरिकी सकर उजनी जलाशयातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात सापडू लागल्याच्या बातम्या आल्या आहेत. तिथे त्याला लोक हेलिकॉप्टर मासा म्हणतात. त्याच्या काटेरी, चिलखतासारख्या अंगाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. कुणाच्या तरी दिवाणखान्यात नकोसा झालेला मासा दुसऱ्या कुणाच्या पोटावर पाय देतो, तो असा.

म्हणून मासा नकोच झाला तर तो ज्या दुकानातून आणला तिथे परत घेतील का विचारा, मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाला द्या. घ्यायच्या आधीच दुकानदाराला "मोठा झाल्यावर परत घ्याल का?" हा प्रश्न विचारला तर आणखी उत्तम. उत्तर नाही आलं, की तो मासा घ्यायचा की नाही हेही तिथेच कळतं.

पुढच्या वेळी क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याच्या माशांच्या बाजारात दोन इंचांचा ऑस्कर काचेपलीकडून टकमक बघताना दिसला, की रंग बघायच्या आधी हात पसरून १४ इंच मोजा. तेवढा मासा तुमच्या टाकीत वळेल का? त्याच्या तोंडात कोण कोण मावेल? आणि दहा वर्षांनीही दर रविवारी बादली उचलायची तुमची तयारी आहे का?

तिन्हीची उत्तरं पटली तर खुशाल घरी आणा. ऑस्करएवढा जीव लावणारा मासा शोधून सापडत नाही. नाही पटली, तर चार इंचांवर थांबणारे कितीतरी सुंदर मासे त्याच दुकानात, शेजारच्याच टाकीत असतात.